आबांच्या अकॉर्डियनची किंमत : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने वाद्यावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मला स्वतःला सुरातले फारसे कळत नाही हे आधीच सांगून टाकते. हा लेख संगीतावर नाही. घरात एक जुनी वस्तू आहे, ती विकायची आहे आणि तिची किंमत कुणालाच ठाऊक नाही; अशा वेळी ती कशी ठरवावी, एवढाच याचा विषय आहे. प्रथम वर्षाला ‘मूल्य’ हे प्रकरण मी पाठ केले होते व त्यात गुणही बरे मिळाले होते. पण त्या प्रकरणाचा खरा अभ्यास गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घराच्या माळ्यावरून खाली उतरला.

माझे आजोबा (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू) मिरज-तासगाव भागात लग्नसराईत बँडमध्ये वाजवीत आणि पावसाळ्यात शेतात राबत. आमच्या घरात वाजंत्री पिढीजात. पणजोबांची सनई, त्यांच्या भावाची हलगी, आबांनी आधी क्लॅरिनेट घेतले आणि १९८४ साली एक म्हैस विकून मुंबईहून जुने अकॉर्डियन आणले. बँडवाल्यांना लग्नघरी गोठ्याशेजारी जेवायला बसवीत असत. पण अकॉर्डियन उभ्याने फार वेळ पेलवत नाही म्हणून आबांना खुर्ची मिळे. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. अकॉर्डियन काळ्या पेटाऱ्यात, माळ्यावर, कांद्याच्या पोत्याशेजारी राहिले.

यंदा आबांच्या दवाखान्याचे शिल्लक देणे आणि माझ्या तिसऱ्या वर्षाची फी व वसतिगृह, असे दोन्ही खर्च एकदम समोर आले. वडिलांनी भंगारवाल्याला पेटारा दाखवला. त्याने सातशे रुपये सांगितले आणि वडील जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटले, “थांबा की जरा, किंमत तरी बघू.” त्यावर वडील म्हणाले, “तू शिकलीस नव्हं कॉलेजात? मग सांग किंमत. महिनाभर थांबतो.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजवर घरातल्या कुठल्याही व्यवहारात मला कुणी काही विचारले नव्हते, त्यामुळे हे वाक्य मला परीक्षेच्या प्रश्नासारखे वाटले आणि खरे सांगायचे तर भीतीही वाटली.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात पाणी व हिरा यांचे उदाहरण दिले आहे. पाण्यावाचून जगता येत नाही, पण त्याच्या बदल्यात काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग थोडा, पण त्याच्या बदल्यात पुष्कळ मिळते. उपयोगिता-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतला हा फरक आपण सगळे परीक्षेत लिहितो. आमच्या घरी मात्र तिसरेच मूल्य पुढे आले. वडील म्हणाले, “म्हशीच्या हिशेबानं धरलं तर आज ऐंशी हजार तरी यायला पाहिजेत.” हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपण घरातली प्रत्येक जुनी वस्तू अशीच मोजतो : तेव्हा काय दिले आणि तेवढ्यात आज काय आले असते. परंतु विकत घेणाऱ्याला आमच्या म्हशीशी काय देणेघेणे? त्याला आज तसलेच वाद्य दुसरीकडे कितीला मिळते एवढेच तो पाहणार. घेताना पडलेली किंमत विकताना उपयोगी पडत नाही, हे पुस्तकात एका ओळीत असते; वडिलांना पटवायला मला तीन दिवस लागले.

तर प्रथम वस्तू कोणती आहे ते पाहिले. पेटारा अंगणात उघडला तेव्हा ओलसर, कुबट वास आला. हा वास वाईट लक्षण असतो, हे मला नंतर कळले. वाद्याच्या पुढच्या जाळीवर ‘वेल्टमाइस्टर’ हे नाव होते आणि मागे इंग्रजीत जर्मन लोकशाही प्रजासत्ताकात बनविल्याचा शिक्का. हा शिक्का म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिलेली तारीखच. ते राष्ट्र १९४९ साली स्थापन झाले आणि १९९० साली जर्मनीच्या एकीकरणाने संपले. आबांनी १९८४ साली जुने म्हणून घेतले, तेव्हा वाद्य त्याआधीचे आणि १९४९ नंतरचे. ‘वेल्टमाइस्टर’ ही पूर्व जर्मनीतल्या क्लिंगेनथाल गावची वाद्ये. भारताचा त्या देशाशी व्यापार रुपयांत चाले, हे आपण आंतरराष्ट्रीय व्यापारात शिकतो. इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावची अकॉर्डियन अधिक नावाजलेली. तिथे पाओलो सोप्रानी यांनी १८६३ साली हा धंदा सुरू केला. आमचे वाद्य त्या तोलामोलाचे नव्हे. कारखान्यात मोठ्या संख्येने झालेले, पण मजबूत, असा त्याचा लौकिक मला पुढे सगळीकडे ऐकायला मिळाला.

जाता जाता एक गोष्ट. ‘अकॉर्डियन’ या नावाने पहिले पेटंट १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियन याने घेतले. त्याच्या डाव्या हाताच्या बटणांतून एकेका बोटाने पूर्ण स्वरमेळ वाजत असे, त्यावरूनच नाव पडले. आपली पेटी आणि हे वाद्य भावंडेच म्हणायची. दोहोंत वाऱ्याने धातूची जीभ थरथरते आणि सूर निघतो. पेटी बैठकीची आहे, हे गळ्यात अडकवून चालता येते. वरातीत ते शिरले याचे हेही एक कारण असावे.

दुसरा प्रश्न आकाराचा. अकॉर्डियनचा सौदा करणारे लोक पहिल्याने ‘किती बेसचे?’ असे विचारतात. बेस म्हणजे डाव्या हाताची बटणे. पूर्ण आकाराच्या वाद्याला १२० बटणे आणि उजवीकडे ४१ पट्ट्या असतात. आमच्या वाद्याला १६ गुणिले ५ अशी ८० बटणे आणि ३७ पट्ट्या निघाल्या. बटणांच्या त्या रानात बोट कुठे ठेवायचे हे वाजवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून एका बटणावर लहानसा खळगा असतो. तोच ‘सी’चा खर्ज, त्यावरून बाकीची ओळखायची. हे मला कुणी सांगितले नव्हते. डोळे मिटून बोट फिरवताना सापडले आणि फार आनंद झाला.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा, आणि खरी मेख इथेच आहे. अकॉर्डियन काही सतार-तानपुऱ्यासारखे नाही. मिरजेच्या जुन्या तानपुऱ्याचा भोपळा पिकत जातो असे लोक म्हणतात. (मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) अकॉर्डियनचे वय वाढले म्हणजे मेण वाळते, चामडे आखडते, भाता फाटतो. त्यामुळे ‘पन्नास वर्षांचे जुने आहे’ असे सांगून भाव वाढवू पाहणारा माणूस जाणकारापुढे हसे करून घेतो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी मला ‘अँटिक म्हणून दोन लाखाला जाईल’ असे छातीठोकपणे सांगितले होते. त्यांचे ऐकून वडिलांचे डोळे दोन दिवस चमकत होते; ते खाली आणणे हे या अभ्यासातले सर्वांत अप्रिय काम.

मी मिरजेला पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क काकांकडे वाद्य घेऊन गेले. एसटीत कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट मागितले, पण ते असो. काकांनी पट्टे सोडले, उजवी बाजू हातात धरली, कुठलेही बटण न दाबता डावी बाजू लोंबत सोडली आणि म्हणाले, “आता बघ, किती सावकाश उतरतंय.” भाता घट्ट असेल तर डावी बाजू स्वतःच्या वजनाने अगदी हळू खाली येते, वारा गळत असेल तर धपकन उतरते. आमचे मध्यम गतीने उतरले. भात्याच्या एका कोपऱ्याचे चामडे सुटले होते, बाकी पुठ्ठा आणि कापड शाबूत होते. भाता नवा करावा लागला असता तर पुढचे सगळे गणित तिथेच थांबले असते, कारण तो खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जातो.

मग त्यांनी मला सूर मोजायला शिकवले. पेटीत जसे खर्ज आणि नर सुरांचे संच असतात तसे इथे उजव्या हाताला तीन संच होते : एक खर्जाचा, दोन मधले. शिवाय प्रत्येक सुराला दोन जिभा, एक भाता उघडताना बोलणारी आणि दुसरी मिटताना बोलणारी. म्हणजे ३७ गुणिले ३ गुणिले २. एकट्या उजव्या बाजूला २२२ जिभा! पट्टी दाबली आणि आवाज आला म्हणजे पट्टी ठीक, असे समजणारा इथे फसतो; कारण तीन सुरांपैकी एक मुका असला तरी उरलेले दोन त्याची उणीव झाकून नेतात. म्हणून वरची बटणे बदलून एकेक संच वेगळा करायचा आणि प्रत्येक पट्टी उघडताना एकदा, मिटताना एकदा ऐकायची. मी आलेखाच्या वहीत चौकोन आखून दोन दुपारी हे काम केले. अकरा जिभा बिघडलेल्या निघाल्या. पाच मुक्या, चार उशिरा बोलणाऱ्या, दोन खरखरणाऱ्या.

काकांनी आत उघडून दाखवले. पोलादी जिभा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकलेल्या असतात आणि त्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाने बसवलेल्या. मेण वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळे काढल्याचा तो परिणाम. दोन जिभांवर गंज होता, काही चामड्याची झापे कुरळी झाली होती. नमदा कसरीने खाल्ला होता. “माळ्यावर आडवं ठेवलं होतं नव्हं?” त्यांनी विचारले. अकॉर्डियन नेहमी त्याच्या पायांवर उभे ठेवावे, म्हणजे झापे सरळ लोंबतात. आबा तसेच ठेवीत. आडवे आम्ही केले, पोत्याला जागा हवी म्हणून.

इथे काकांनी एक धोका सांगितला, तो मुद्दाम लिहिते. मधले जे दोन संच असतात ते कारखान्यातच एकमेकांपासून किंचित वेगळे जुळवलेले असतात. दोन्ही एकदम वाजले की सुराला एक कंप येतो. अकॉर्डियनचा जो ओलावा आपल्याला ओळखीचा वाटतो तो हाच. पेटी जुळवणारा एखादा भला माणूस हे न जाणता दोन्ही सूर कानसाने घासून अगदी एकसारखे करून टाकतो. त्याच्या मते त्याने दुरुस्ती केलेली असते. प्रत्यक्षात वाद्याचा प्राण गेलेला असतो, आणि घासलेले पोलाद परत येत नाही. म्हणजे दुरुस्तीने किंमत वाढतेच असे नाही. काकांनी स्वतः जुळवणीला हात लावायला नकार दिला. ते म्हणाले, “मेण, चामडं, नमदा एवढं मी करतो. सूर त्याचे त्याला राहू दे.” असा कारागीर भेटणे नशिबाचे आहे.

आता बाजार. एकेकाळी या वाद्याला आपल्याकडे मोठी मागणी होती. ‘संगम’ (१९६४) चित्रपटात राज कपूर पडद्यावर अकॉर्डियन वाजवताना दिसतो. गुडी सिरवई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही नावे जुन्या चित्रपटगीतांच्या जाणकारांना ठाऊक आहेत. बँड आणि ऑर्केस्ट्रा सिनेमाच्या मागे जातात, म्हणून गावोगाव अकॉर्डियन आले. १९८०च्या दशकापासून विजेवर चालणारे कीबोर्ड मिळू लागले. ते हलके, त्यात शंभर आवाज, मेण वितळण्याची भीती नाही. आबांच्या बँडनेही कीबोर्ड घेतला आणि पुढे बँडच मोडून डीजे आला. पर्यायी वस्तू स्वस्त झाली की मूळ वस्तूची मागणी घटते, हा नियम आमच्या घरात आधीच घडून गेला होता. मी तो नंतर वाचला. मात्र मागणी घटली तरी नाहीशी झाली नाही. चर्चमधली गाणी, जुन्या गीतांचे कार्यक्रम, हौशी विद्यार्थी असा लहान पण जाणता ग्राहकवर्ग राहिला आहे, आणि तो भंगारवाल्याकडे फिरकत नाही.

मी चार ठिकाणी भाव काढला. भंगारवाला ७००. जवळच्या गावचा एक बँडमालक ४,०००, तेही हप्त्याने. शहरातला एक वाद्यविक्रेता, न उघडता, ९,०००. तो म्हणाला, “आत काय आहे मला काय माहीत?” त्याच्या या वाक्यावर मी बराच विचार केला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी वाईट असेल असे धरूनच भाव देतो, आणि मग चांगली गाडी असलेला माणूस बाजारातच येत नाही. आमच्या बाबतीत गंमत अशी की विकणाऱ्यालाही दोष ठाऊक नव्हते! ते कळून घेतले म्हणून तर आमची बाजू भक्कम झाली. मी दोषांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि मोबाईलवर प्रत्येक संचातली प्रत्येक पट्टी, उघडताना व मिटताना, अशी चित्रफीत करून ठेवली. चौथा भाव त्या यादीमुळेच आला. इचलकरंजीचे एक संगीतशिक्षक यादी वाचून म्हणाले, “मेण-चामडं करून दिलंत तर एकवीस हजार देईन. डावी बाजू आहे तशी चालेल.”

दुरुस्तीचा खर्च काकांनी ४,८०० सांगितला होता. न दुरुस्त करता ९,०००, करून २१,०००. जादा खर्च ४,८००, जादा मिळकत १२,०००. इथपर्यंत सीमांत विश्लेषण सोपे आहे. पण दुरुस्तीचे पैसे आधी घालायचे आणि शिक्षकांनी मागाहून नाही म्हटले तर? वडिलांना हा जुगार वाटत होता. शेवटी शिक्षकांनी ३,००० विसार दिला तेव्हा काम सुरू झाले.

आणि याच वेळी हा अभ्यास माझ्या हातून निसटला. मी सगळा हिशेब राज्यशास्त्राच्या सरांना मोठ्या हौसेने दाखवला. सरांनी यादी वाचली, चित्रफीत पाहिली आणि विचारले, “छान. पण विकणारे कोण?” मी म्हटले, वडील. सर म्हणाले, “वाद्य वडिलांचे होते की आजोबांचे?”

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखी जाते. मुलगा, मुलगी, विधवा, आई हे त्यात येतात. मुलींना हक्क २००५च्या दुरुस्तीने आला असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना जन्मतः मुलांसारखा हिस्सा देणारी आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या वस्तूत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे ती १९५६ पासूनच. आणि कायद्याला शेत आणि अकॉर्डियन सारखेच. म्हणजे वडील, चुलते आणि आत्या असे तीन सारखे वाटे. ती म्हैस आजीच्या माहेरची होती असेही घरात बोलले जाते. तसे धरले तरी आजीच्या मागे तिचा नवरा आणि हीच तीन मुले. आबाही गेल्यावर वाटे पुन्हा तीनच.

मी हे घरी सांगितले तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अक्काचं लग्न लावून दिलं, तिला कशाला मध्ये ओढायचं?” मी म्हटले, तुम्हीच किंमत काढायला सांगितलीत, ज्याची किंमत काढली ते कुणाचे हे पण त्यातच आले. चुलत्यांनी फोनवर मला “लई शिकलीस” असे सुनावले. त्या रात्री मला वाटले की भंगारवाल्याला सातशेला दिले असते तर निदान घरात बोलाचाल राहिली असती.

आत्याला मीच फोन केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. काकांकडून दुरुस्त होऊन आलेले वाद्य खाटेवर होते. तिने हात धुतले, पदर खोचला, पट्टे खांद्यावर घेतले आणि वाजवू लागली. मला हे ठाऊकच नव्हते! वडिलांना ठाऊक होते. पावसाळ्यात बँड बंद असे तेव्हा आबा तिला दार लोटून शिकवीत. मुलगी वाजवते हे बाहेर कळले तर लग्नाला अडचण, म्हणून घरात त्याचा उच्चार नव्हता. तिची बोटे मध्ये मध्ये अडखळत होती, तरी डावा हात न बघता खळग्याच्या बटणावर जाऊन पोचला. दोन गाणी झाल्यावर तिने वाद्य खाली ठेवले, पायांवर उभे.

मी तिला सगळा हिशेब वाचून दाखवला. दोष, दुरुस्ती, चार भाव, तीन वाटे. मला वाटले होते ती म्हणेल, विकू नका. आणि तसे ती म्हणाली असती तर आम्हाला विकता आले नसते. ती म्हणाली, “इक की. मी कुठं घेऊन बसू, तिथं दोन खोल्यांत?” मग थोडे थांबून वडिलांकडे न बघता म्हणाली, “गेल्या साली शेताच्या हक्कसोडीवर सही केली. साहेबाच्या हापिसात नेलं, अंगठ्याच्या जागी मी सही केली म्हणून कौतुक केलं. त्या बत्तीस गुंठ्याची किंमत काय, ते कुणी सांगितलं न्हाई. ह्याची तरी पोरीनं सांगितली.” वडील उठून गोठ्याकडे गेले.

व्यवहार पौष महिन्यात झाला. पावतीवर मी वाद्याचे नाव, पट्ट्या व बटणांची संख्या, काय दुरुस्त केले, डाव्या बाजूचे मेण जुनेच आहे आणि एक जीभ अजून खरखरते, हे सगळे लिहिले. खाली तिघा भावंडांच्या सह्या घेतल्या. चुलते सही करायला आले, चहा न घेता गेले. एकवीस हजारांतून दुरुस्तीचे ४,८०० आणि येण्याजाण्याचे ६०० वजा जाता १५,६०० राहिले. प्रत्येकी ५,२००. वडिलांना आत्याच्या हातात नोटा देताना अवघड वाटत होते. त्यांनी त्या आधी देव्हाऱ्यापुढे ठेवल्या आणि मग तिला उचलायला सांगितले. तिने मोजून घेतल्या. ओवाळणी म्हणून परत ठेवील असे सगळ्यांना वाटत होते, मलाही. तिने ठेवल्या नाहीत.

पेटाऱ्याच्या झाकणातल्या खिशात आबांची एक वही निघाली होती. त्यांना इंग्रजी स्वरलेखन येत नसे. सारेगम लिहून खाली पट्टीचा आकडा, कुठे लग्नाची तारीख, कुठे कुणाकडून किती येणे. संगीतशिक्षकांनी तिचे वेगळे पाचशे रुपये देऊ केले. या वहीची किंमत कशी काढावी हे मला सुचले नाही. ती आत्या घेऊन गेली, वाट्यात न धरता, आणि त्यावर कुणी काही बोलले नाही.

वडिलांच्या वाट्याचे पैसे दवाखान्याच्या देण्यात गेले. माझी फी शिष्यवृत्ती येईतो उसनी आहे. परवा गल्लीतल्या एक मावशी आपले बंद पडलेले शिलाई यंत्र किती रुपयांना जाईल ते विचारायला आल्या होत्या. मी त्यांना आधी यंत्र कुणाच्या नावावर घेतले होते ते विचारले, तर त्या रागावल्या. बत्तीस गुंठ्यांचा विषय आमच्या घरात अजून निघालेला नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले आहे. त्याची प्रत कपाटात आहे, आणि ती मी आणून वाचली आहे हे वडिलांना माहीत आहे.